मोडीत देण्यापूर्वी

दिवाळीपूर्वी माळा आवरताना आजीची तांब्याची घागर हाती आली. काठाखाली आजीच्या वडिलांचे नाव व तिच्या लग्नाचे साल कोरलेले. ‘मोडीत देऊन टाकू या, उगाच परिग्रह कशाला?’ असे सूनबाई म्हणाल्या. प्रश्न रास्त होता. अपरिग्रहाचा संस्कार असलेल्या घराने जुन्या भांड्यांचा मोह धरावा काय?

इंग्लंडमध्ये एके काळी घरोघरी प्यूटरची ताटे व पेले असत. ज्या कथिलाने आपण भांड्यांना कल्हई करतो, त्यातच थोडे तांबे वा शिसे मिसळून हा धातू सिद्ध होई. लंडनमधील प्यूटर-कारागिरांच्या संघाला १५ व्या शतकातच राजाची सनद मिळाली. कारागीर आपल्या भांड्यावर स्वतःची मुद्रा उमटवीत. परंतु धातू मऊ आणि सहज वितळणारा. झिजलेले ताट देऊन नवे ओतून घेण्याची रीत पडली आणि असंख्य जुनी ताटे भट्टीत विरून गेली. उरलेल्या ताटांवरील मुद्रा वाचून संग्राहक आज त्यांचा कर्ता व काळ ठरवितात. शिशाच्या भयाने त्यांत कोणी जेवीत मात्र नाही.

आपली मोड तरी याहून वेगळी काय? ती थोपविण्याचा एक थोर यत्न पुण्यातच झाला. डॉ. दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास अडकित्ते, दिवे, भांडी अशा नित्याच्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. अकाली गेलेल्या राजा या पुत्राच्या नावाने संग्रहालय उभे राहिले आणि १९७५ मध्ये हजारो वस्तूंचा तो संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आयुष्यभर जमविले आणि अखेरीस स्वामित्व सोडले!

सूनबाईंच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडले. वस्तू जपणे निराळे, तिच्यावर ‘माझे’ म्हणून अडून बसणे निराळे.

आम्ही बाकीची भांडी मोडीत दिली. तत्पूर्वी प्रत्येकावरील नाव व साल वहीत उतरविले. घागर तेवढी ठेवली. तिच्यावर तांबट आळीतल्यासारखे मठारकाम आहे. हजारो ठोके, पण घडविणाऱ्याचे नाव कोठेच नाही. आपल्या माळ्यावरील भांडे तराजूत जाण्यापूर्वी एकदा उजेडात धरून वाचावे, एवढीच विनंती.