परदेशी सोयरीक जमवताना कागद मागा: मैलापूर परिसरातील मराठी कुटुंबांना जाहीर आवाहन



मार्गळी लागला की परदेशी राहणारी आपली मुलं घरी येतात. सकाळी कपालीश्वराचं दर्शन, संध्याकाळी एखाद्या सभेत गाणं, आणि मधल्या दुपारी कुणाकडे तरी मुलगी पाहण्याचा कार्यक्रम. मार्गळीत, म्हणजे धनुर्मासात, लग्न लावत नाहीत, म्हणून तै महिना उजाडताच मिळेल तो मुहूर्त धरतात. अक्षता पडून आठवडा होतो न होतो तोच मुलाची सुट्टी संपते. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात असलेली तंजावरकडची घरं असोत, नाहीतर नोकरीसाठी पुण्या-नागपुराहून आलेली असोत, परदेशी सोयरीक बहुतेक वेळा याच घाईत उरकली जाते. ही घाई थोडी आवरा, एवढंच सांगण्यासाठी आम्ही काही शेजारी हे लिहीत आहोत.

आपण पत्रिका जुळवतो, गोत्र विचारतो, पगार तर खोदून खोदून विचारतो. मग "मुलगा अमेरिकेत आहे" एवढ्यावर गप्प का बसतो? तो तिथला नागरिक असेल, तर पत्नीच्या अर्जाला दरवर्षीच्या कोट्याची मर्यादा नसते. कागदांची छाननी होईपर्यंतच थांबावं लागतं. त्याच्याकडे नुसतं ग्रीन कार्ड असेल, तर तिचा अर्ज कोट्याच्या रांगेत लागतो. तो एच-1बी व्हिसावर असेल, तर तिला एच-4 मिळतो. त्यावर नोकरी करायची परवानगी सरसकट नसते. नवऱ्याची ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत गेलेली असली तरच ती मागता येते. त्याची नोकरी सुटली तर दोघांनाही साधारण 60 दिवसांत दुसरी सोय बघावी लागते, आणि घटस्फोट झाला तर तिच्या व्हिसाचा आधारच जातो. तिन्ही मुलं "अमेरिकेत" असतात. त्यांच्याशी लग्न केलेल्या मुलींची आयुष्यं मात्र फार वेगळी होतात. तेव्हा बैठकीतच पासपोर्ट आणि व्हिसा पाहायला मागा. सरळ माणसाला त्याचा राग येणार नाही.

नागरिकाशी लग्न झालं की सगळं सुरळीत, हा समज आपल्याकडे पक्का बसलेला आहे. लग्नामुळे फक्त अर्ज करण्याचा हक्क मिळतो, आणि तो अर्ज नवरा करतो. मंजुरीची प्रक्रिया पुरी होण्याआधी तो अर्ज मागेही घेऊ शकतो. मुलगी तिथे स्थायिक म्हणून दाखल होते त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, तर तिला मिळणारं ग्रीन कार्ड दोन वर्षांचं आणि सशर्त असतं. ही अट 1986 च्या कायद्याने आली. मुदत संपण्याआधीच्या 90 दिवसांत दोघांनी मिळून अर्ज करायचा, तेव्हा अट निघते. या दोन वर्षांत घरात काय चाललं आहे हे चेन्नईत बसलेल्या आईवडिलांना फोनवरून कळत नाही. "सही करणार नाही, परत पाठवीन" ही धमकी ज्या मुलीला रोज ऐकावी लागते, ती आईला "सगळं ठीक आहे" असंच सांगते.

म्हणून विमानात बसण्याआधी प्रत्येक मुलीला हे माहीत असलं पाहिजे: घटस्फोट झाला असेल, किंवा नवऱ्याने मारहाण-छळ केला असेल, तर अट काढण्याचा अर्ज तिला एकटीला करता येतो. लग्न खऱ्या मनाने केलं होतं हे तिला दाखवावं लागतं. नवऱ्याची सही लागत नाही. याशिवाय 1994 च्या कायद्याने नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नवऱ्याचा छळ सोसणाऱ्या पत्नीला स्वतःच्या नावाने अर्ज करण्याची वाट दिली आहे. तो अर्ज नवऱ्याला कळवावा लागत नाही, आणि तिथल्या सरकारी खात्यालाही ती माहिती त्याला देता येत नाही. एच-4 वर गेलेल्या मुलीला ही वाट मोकळी नाही. बैठकीतला तो पहिला प्रश्न किती महत्त्वाचा आहे, ते इथे कळतं. आणखी एक: पत्नीला बोलावताना नवरा तिच्या आर्थिक आधाराचं जे हमीपत्र देतो, त्यातून तो घटस्फोटानेही सुटत नाही. हे किती सासरची मंडळी सांगतील?

खऱ्या मनाने केलेल्या लग्नालाही पुरावा लागतोच. मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याला आपला अंतरपाट आणि सप्तपदी ठाऊक असतीलच असं नाही. त्याला दोन्ही घरची माणसं एकत्र दिसणारे फोटो, लग्नपत्रिका, लग्नाआधीचं बोलणं, लग्नानंतरचा पत्रव्यवहार बघायचा असतो. तिकडे गेल्यावर बँकेचं खातं, घराचा भाडेकरार, विमा यांवर मुलीचं नाव पहिल्या महिन्यापासून असू द्या. प्रत्येक कागदाची प्रत ई-मेलने आईकडे येऊ द्या. पासपोर्ट मुलीच्याच ताब्यात राहिला पाहिजे. "घरात सगळ्यांचे कागद एकत्र ठेवतो" असं कुणी म्हणालं, तरी तो तिने स्वतःजवळ ठेवावा.

आता नावाबद्दल, कारण इथे आपली घरं हमखास अडतात. तंजावरकडच्या पद्धतीत नावाआधी वडिलांचं किंवा गावाचं आद्याक्षर, नावामागे राव नाहीतर बाई, आणि आडनाव बहुधा कागदावर नाहीच. समजा, शाळेच्या दाखल्यावर "एस. लक्ष्मी" आहे, जन्मदाखल्यावर "लक्ष्मीबाई", आणि पासपोर्टवर नुसतं "लक्ष्मी", आडनावाची जागा कोरी. अमेरिकी व्हिसावर तेच एक नाव आडनावाच्या रकान्यात जातं आणि पहिल्या नावाच्या जागी "एफएनयू", म्हणजे पहिलं नाव माहीत नाही, असं छापून येतं. मग तिथला वाहन परवाना, बँक, नोकरी, सगळीकडे ती मुलगी हे तीन अक्षरी नाव घेऊन फिरते. लग्न ठरलं की सगळ्यात आधी हे कागद एका टेबलावर मांडा आणि नाव एकसारखं करून घ्या. तमिळमधल्या दाखल्यांचा प्रमाणित इंग्रजी अनुवादही तेव्हाच करून ठेवा.

लग्नाची नोंदणी मुलाच्या परतीच्या विमानाआधी झालीच पाहिजे. तमिळनाडूत 2009 च्या कायद्याने ती सक्तीची आहे आणि लग्नापासून 90 दिवसांच्या आत करायची आहे. तो गेला की सब-रजिस्ट्रारसमोर दोघांनी जाणं राहूनच जातं, आणि पुढे वाद झाला तर मुलीच्या हातात अल्बमपलीकडे काही उरत नाही. "आत्ता टुरिस्ट व्हिसावर पाठवा, बाकीचं तिथे बघू" असं कुणी सुचवलं तर साफ नकार द्या. खोटं कारण सांगून प्रवेश घेतल्याचा ठपका बसला की पुढची दारंही बंद होऊ शकतात. आणि केवळ कार्डासाठी कागदोपत्री लग्न लावणारे दलाल भेटले तर त्यांना उंबऱ्याच्या आत घेऊ नका. त्या गुन्ह्याला अमेरिकेत पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे, आणि नंतर खरं लग्न केलं तरी त्याचा अर्ज नाकारला जातो.

ब्रिटनकडे डोळे असतील, तर एप्रिल 2024 पासून जोडीदाराला बोलावण्यासाठी सर्वसाधारणपणे वर्षाला 29,000 पौंड उत्पन्न दाखवावं लागतं, हे आधी तपासा.

सून परदेशी असेल तर तिचीही आपल्यावर जबाबदारी आहे. भारतीय नागरिकाशी लग्न करून तिला नागरिकत्व हवं असेल, तर अर्जाआधी सात वर्षं इथे राहावं लागतं. ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डासाठी लग्नाची नोंदणी आणि दोन वर्षांचा संसार लागतो, आणि लग्न मोडलं तर ते कार्ड रद्द होऊ शकतं. हॅडोज रोडवरच्या शास्त्री भवनात परदेशी नागरिकांचं नोंदणी कार्यालय आहे. तिथली तिची कामं पुढे ढकलू नका.

तिकडच्या कोर्टाची घटस्फोटाची नोटीस आली, तर ती कपाटात टाकू नका आणि घाईने उत्तरही देऊ नका. आधी वकील गाठा. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये सांगितलं आहे की ज्या कायद्याखाली लग्न झालं त्याला सोडून दिलेला परदेशी निकाल इथे सरसकट मान्य होत नाही. 1994 मध्ये, नवऱ्याच्या सांगण्यावरून इथली नोकरी सोडलेल्या आणि मग थेट लग्न रद्द करण्याचा परदेशी अर्ज हाती पडलेल्या एका पत्नीच्या खटल्यात, याच न्यायालयाने अशा लग्नांसाठी वेगळ्या कायद्याची सूचना केली. 2019 मध्ये राज्यसभेत विधेयक मांडलं गेलं, फेब्रुवारी 2024 मध्ये विधी आयोगाने 287 व्या अहवालात तीच मागणी केली. लेकींनी कायद्याची वाट बघत किती थांबायचं?

लेकींच्या हक्काचा हा प्रश्न या शहराला नवा नाही. मैलापुरातल्या लझ भागात रानडे ग्रंथालय आहे, ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या नावाचं. 1887 मध्ये याच शहरात त्यांनी दिवाणबहादूर रघुनाथराव यांच्यासह सामाजिक परिषद उभी केली. रघुनाथराव तंजावरी मराठी घराण्यातले. विधवाविवाहासाठी त्यांनी स्वकीयांचा रोष पत्करला. लग्नातल्या मुलीच्या हक्काबद्दल चारचौघांत बोलण्याची रीत इथे जुनी आहे. म्हणून परत आलेल्या मुलीला "जुळवून घे" सांगू नका, आणि "काय झालं हो?" म्हणून तिच्या आईला जिन्यात गाठू नका. तिला राष्ट्रीय महिला आयोगाच्या अनिवासी भारतीय कक्षाचा पत्ता द्या, परराष्ट्र खात्याच्या "मदद" पोर्टलवर तक्रार नोंदवून द्या, 181 ही हेल्पलाइन सांगा. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो. त्यासाठी तिचं उत्पन्न पाहिलं जात नाही.

आपल्यातल्या वकिलांनी, नोंदणी खात्यातून निवृत्त झालेल्यांनी, तमिळ-इंग्रजी अनुवाद करणाऱ्यांनी यंदा मार्गळीच्या आधी एकेक रविवारची सकाळ या कामाला द्यावी. ज्यांच्या घरी येत्या तै महिन्यात लग्न आहे, त्यांनी आपले कागद घेऊन तेव्हा यावं, आणि सोबत मुलीलाही आणावं.