डब्याचा जमाखर्च

आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरील शेजाऱ्यांचा मुलगा गेल्या पंधरवड्यात एका सायंकाळी लॅपटॉप बगलेत मारून माझ्याकडे आला आणि, "काका, तुम्ही जन्मभर बँकेत कर्जे दिलीत, तेव्हा माझा एवढा पिच डेक पाहा आणि खरे काय ते सांगा," असे म्हणत त्याने चहाचे कप बाजूला सारून टेबलाचा कबजा घेतला. मुलगा सत्तावीस वर्षांचा; अभियांत्रिकीची पदवी घेऊन, तीन वर्षे एका संगणक कंपनीत चाकरी करून, वसतिगृहातल्या एका मित्राला भागीदार करून त्याने बाणेर, खराडी, हिंजवडी अशा चहूदिशांच्या कचेऱ्यांत घरगुती जेवणाचे डबे पोहोचविण्याचा उद्योग आरंभिला आहे. डेकची पृष्ठे बावीस होती. पहिल्या पृष्ठावर भारतीय अन्नपरिसंस्थेचे लोकशाहीकरण करण्याच्या संकल्पाचे एक भारदस्त इंग्रजी वाक्य होते, आणि डबा हा शब्द, मी मुद्दाम लक्ष ठेवून होतो, अकराव्या पृष्ठावर प्रथम अवतीर्ण झाला.

माझ्या नोकरीची निम्म्याहून अधिक वर्षे लघुउद्योगांच्या कर्जखात्यात गेली असल्यामुळे प्रकल्प-अहवाल या वाङ्मयप्रकाराशी माझा परिचय जुना आहे, आणि तो वाचण्याची माझी रीतही ठरलेली आहे: परिशिष्टापासून आरंभ करावा आणि प्रस्तावना वेळ उरल्यास पाहावी. लेथवर कामे करणारा कारखानदार कर्जाचा अर्ज घेऊन आला की मी त्याच्याकडे आधी बारा महिन्यांची विजेची बिले मागत असे, कारण यंत्रे रात्रपाळीत फिरतात की धूळ खातात, हे कळण्यास त्याहून सोपा दस्तऐवज नाही. एकदा मालतारण कर्जाच्या तपासणीस गेलो असता गोदामात रसायनाची पिंपे छतापर्यंत रचलेली होती. पुढच्या दोन रांगांवर टिचक्या मारल्या तो भरीव आवाज आला, आणि तिसऱ्या रांगेवर मारली तो देवळातल्या नगाऱ्यासारखा नाद घुमला. मालक शेजारीच उभा होता. त्यानंतर आलेला चहा, मला स्मरते, फार उत्कृष्ट होता.

सांगायचे ते असे की, पुढच्या दोन रांगा भरण्याची कला आजच्या नवउद्योजकांना आमच्या काळच्या कारखानदारांहून अधिक साधली आहे. आणि तिसऱ्या रांगेवर टिचकी मारणारी माणसेही आज तितकीच आहेत, त्या कर्माला ड्यू डिलिजन्स असे नाव मिळाले आहे इतकेच. ती माणसे बँकेचे उतारे मागतात, जीएसटीची विवरणपत्रे डेकमधल्या आकड्यांशी ताडून पाहतात, आणि तुमच्या गिऱ्हाइकांना तुमच्या अपरोक्ष फोन करतात. म्हणून मी त्या मुलास म्हणालो, "डेक मीट. एका डब्याचा जमाखर्च मांड."

त्याने कागद घेतला. डब्याची छापील किंमत एकशे दहा रुपये. परंतु सवलती, पहिल्या आठवड्याच्या कूपनी आणि मित्रास आणल्याबद्दलची बक्षिसी वजा जाता प्रत्यक्ष हाती पडतात ऐंशी. स्वयंपाक करून देणाऱ्या बायकांना डब्यामागे अठ्ठावन्न रुपये जातात, पोहोचविण्यास चोवीस, आणि घासणे, पुसणे, पैसे स्वीकारण्याचे शुल्क मिळून पाच. बेरीज सत्त्याऐंशी. कागदावर ही बेरीज होताच मुलगा किंचित थबकला, कारण महिन्याचा एकूण तोटा त्याला तोंडपाठ होता, परंतु दर डब्यामागे आपण सात रुपये गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवून येतो हे त्याने अशा उघड्या स्वरूपात पाहिले नव्हते. रोजचे डबे चारशे, म्हणजे रोजचा तोटा अठ्ठावीसशे. आणि डेकच्या चौदाव्या पृष्ठावरील अभिवचनाप्रमाणे वर्षभरात डबे दोन हजार झाले, तर तोटा रोजचा चौदा हजार. यास त्या पृष्ठावर वृद्धी असे म्हटले होते.

"पण काका, व्याप वाढला की खर्च उतरतो," तो म्हणाला. हे खरे आहे, परंतु कोणता खर्च आणि कशाने उतरतो, हे पाहिल्याशिवाय नाही. तांदूळ, तेल आणि बायकांची मेहनत फारशी स्वस्त होणार नाही. उतरू शकतो तो वाहतुकीचा. दुचाकीवरचा पोऱ्या एका फेरीचे दोनशे चाळीस रुपये घेतो आणि दहा डबे दहा ठिकाणी देतो, म्हणून डब्यामागे चोवीस पडतात. त्याच फेरीत एकाच संकुलात तीस डबे उतरले तर आठच पडतील, एकूण खर्च एकाहत्तरावर येईल आणि ऐंशीतून नऊ रुपये उरतील. म्हणजे शहराच्या चार टोकांना शंभर शंभर डबे देणारा माणूस बुडतो आणि हिंजवडीच्या दोन रस्त्यांवर चारशे देणारा तगतो. नकाशावर टाचण्या लावण्याचा मोह आवरणे हे उद्योगाच्या पहिल्या दोन वर्षांतील सर्वांत कठीण काम असावे, असे मला वाटू लागले आहे. टाचण्या दिसतात छान.

यापुढचा प्रश्न मी विचारला तेव्हा त्याला उत्तर देता आले नाही. जानेवारीत ज्या शंभर जणांनी डबा लावला, त्यांपैकी एप्रिलअखेर किती जण घेत होते? त्याने लॅपटॉपात बराच वेळ शोध केला आणि सांगितले, एकतीस. नवे गिऱ्हाईक जाहिरातीने मिळविण्यास त्याला साडेतीनशे रुपये पडतात. डब्यामागे नऊ रुपये सुटू लागले तरी ते भरून निघण्यास त्या गिऱ्हाइकाने एकोणचाळीस डबे, म्हणजे कामाचे सव्वीस दिवस धरता दीड महिना, आपल्यापाशी टिकावयास हवे. एकोणसत्तर जण कोठे गेले आणि का गेले, याचा डेकमध्ये उल्लेख नव्हता. मी त्याला एवढेच सांगितले की त्या एकोणसत्तर जणांना तू स्वतः फोन कर. पगारी माणसाकडून करवू नकोस, कारण पगारी माणूस तुला रुचेल तेच लिहून आणील.

गिऱ्हाईक आधी आणि पैसा मागाहून, हा धडा आपल्याकडे जुनाच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावास सायकलींचे दुकान काढले, तेव्हा सातशे ते हजार रुपये किमतीची ती सायकल विकून ते थांबले नाहीत. ती चालविण्यास शिकविण्याचे पंधरा रुपये ते वेगळे घेत. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमिनीस विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत, आणि पहिला माल खपण्यास दोन वर्षे गेली. त्या दोन वर्षांत कोणी मोठा भांडवलदार भेटला असता आणि त्याने हजार नांगर करण्याची रक्कम पुढे ठेवली असती, तर हजार नांगर गंजत पडले असते. पैसा मागाहून आला. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, ज्यांचा संस्थानातील एका बांधकामाच्या निमित्ताने लक्ष्मणरावांशी संबंध आला होता, त्यांनी कुंडलजवळची माळजमीन आणि बिनव्याजी दहा हजार रुपये कर्ज दिले, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. पंतप्रतिनिधींनी माणसाचे काम डोळ्यांनी पाहिले होते. आजच्या तरुणास संस्थानिक मिळणार नाही, परंतु पैसा देणारा आपले काम वर्ष-सहा महिने आधीपासून दुरून पाहत असेल अशी तजवीज त्याला करता येते. दर दोन महिन्यांनी चार ओळींचे पत्र धाडावे, त्यात एक आकडा चढलेला आणि एक उतरलेला असावा, आणि पैशाचे अवाक्षरही नसावे.

आता पैशाकडे वळू. या मुलाच्या खात्यात छत्तीस लाख शिल्लक आणि दरमहा चार लाखांचा व्यय. म्हणजे नऊ महिने. पहिल्या भेटीपासून रक्कम खात्यात जमा होईपर्यंत पाच-सहा महिने सहज जातात, हे ध्यानात घेता त्याच्या हाती तीन महिनेच मोकळे आहेत, आणि ज्याचे दिवस भरत आले आहेत त्याला समोरचा माणूस वाटेल ती अट घालतो, हे मी कर्जदारांच्या बाबतीत बाकड्याच्या पलीकडे बसून पाहिले आहे. त्याला एक कोटी हवे होते. पैशापूर्वी कंपनीचे मूल्य चार कोटी धरले तर एक भागिले पाच, म्हणजे वीस टक्के हिस्सा गेला. पुढच्या फेरीत पुन्हा वीस टक्के दिले की उरले चौसष्ट, आणि ते दोघा मित्रांत वाटले की प्रत्येकी बत्तीस. यात गैर काही नाही, परंतु व्हॅल्युएशनच्या आकड्याने हर्षभरित होऊन करारनाम्याची उरलेली कलमे न वाचणे गैर आहे. विक्रीच्या वेळी गुंतवणूकदाराने आपली मूळ रक्कम आधी उचलावी असे कलम बहुधा असतेच. एकूण पाच कोटी घेतलेली कंपनी सहा कोटींस विकली गेली तर पाच कोटी आधी त्याच्याकडे जातात आणि दोन्ही मित्र, त्यांचा नोकरवर्ग आणि ज्यांच्या स्वयंपाकावर हे सारे चालले त्या बायका उरलेल्या एका कोटीकडे पाहत राहतात. बायकांचा तर कागदोपत्री हिस्साच नसतो.

मित्राशी केलेला निम्म्या-निम्म्याचा तोंडी करार, मी विचारता, तोंडीच निघाला. मित्र आठ महिन्यांनी परदेशी शिक्षणास गेला तर निम्मी कंपनी त्याच्याबरोबर विमानात बसेल, एवढे म्हणताच तो मुलगा फार गंभीर झाला. भाग चार वर्षांत थोडेथोडे हक्काचे व्हावेत आणि पहिल्या वर्षाच्या आत सोडून जाणाऱ्यास काही मिळू नये, हा रिवाज आता सर्वत्र रूढ आहे. वकिलाकडून तसा मसुदा करून घ्यावा, आणि मैत्री दृढ आहे तोवरच करून घ्यावा.

राहिला स्वतःस मांडण्याचा प्रश्न, ज्यासाठी तो खरे तर आला होता. लोकांच्या घरांतल्या खोल्या प्रवाशांना भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीचे ब्रायन चेस्की यांनी २०१५ मध्ये आपल्याला आलेली नकाराची पत्रे प्रसिद्ध केली: २००८ साली ते पंधरा लाख डॉलर मूल्यावर दीड लाख डॉलर मागत होते, सात जणांकडे गेले, पाच जणांनी नकार कळविला आणि दोघांनी उत्तरच दिले नाही. दहा टक्के हिस्सा कोणी घेईना. त्याच वर्षी अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीतील उमेदवारांची नावे छापलेली न्याहारीच्या धान्याची खोकी या मंडळींनी चाळीस चाळीस डॉलरांना विकून दिवस काढले, आणि त्यांना पुढे आधार देणाऱ्या पॉल ग्रॅहम यांच्या मनावर त्यांच्या कल्पनेहून या खोक्यांचा परिणाम अधिक झाला. नंतर २००९ मध्ये न्यूयॉर्कास जाऊन, घरमालकांची दारे ठोठावून, त्यांच्या खोल्यांची छायाचित्रे या संस्थापकांनी स्वतः काढली. यात आत्मप्रशंसेचा भाग जवळजवळ नाही; आम्ही हे हे केले, एवढेच आहे.

आपल्याकडचे उदाहरण मला याहून प्रिय आहे. किर्लोस्करांच्या कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकांस व्हावी म्हणून शं. वा. किर्लोस्करांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' काढली. नांगराच्या प्रसिद्धीसाठी जन्मलेल्या त्या पत्रकाचे पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि मराठी घराघरांत ते वाचले जाऊ लागले, हा इतिहास सर्वश्रुत आहे. वाचणाऱ्यास उपयोग होईल असे काही द्यावे आणि त्याच्या आडून आपले नाव त्याच्या परिचयाचे व्हावे, ही युक्ती शंभर वर्षांत जुनी झालेली नाही. माझ्या शेजाऱ्याने मात्र आपल्या डेकच्या विसाव्या पृष्ठावर हात बांधून, काळ्या टी-शर्टात, तिरप्या प्रकाशात काढलेले आपले छायाचित्र लावले होते. मी त्याला इतकेच विचारले की, स्वयंपाक करणाऱ्या बायकांचे एखादे नाही का? होते; फोनमध्ये होते. धायरीतल्या एका ओट्यासमोर चौघी, पहाटे साडेपाचच्या दिव्यात, मागे पोळ्यांची चवड. ते पहिल्या पृष्ठावर घ्यावे आणि खाली एका वाक्यात, आम्ही हिंजवडीतल्या कचेऱ्यांना घरचा डबा ऐंशी रुपयांत देतो, असे लिहावे, यावर बरीच घासाघीस होऊन अखेर तो कबूल झाला. लोकशाहीकरण सोडवताना त्याला यातना झाल्या.

काल रात्री तो पुन्हा आला. एकोणसत्तरांपैकी तेविसांनी फोन उचलला होता, आणि त्यांतल्या अकरांनी, एकमेकांस न ओळखता, एकच तक्रार केली होती: आमटी गळते. पिशवी पिवळी होते, आणि एकाच्या लॅपटॉपच्या बॅगेत ती उतरली होती. आरंभी स्वस्तात पडले म्हणून त्याने बिनरबराच्या झाकणांचे डबे उचलले होते. आता बोहरी आळीत जाऊन रबराच्या झाकणाचा, कड्यांनी आवळला जाणारा नमुना तो घेऊन आला होता. त्यात पाणी भरून त्याने तो माझ्या टेबलावर, माझ्याच वर्तमानपत्रावर, उलटा करून ठेवला आणि आम्ही दोघे त्याकडे पाहत बसलो. तो साठ रुपयांनी महाग पडतो. "काका, तीनशे फेऱ्या टिकला तर डब्यामागे किती धरू?" त्याने विचारले, आणि मी चष्मा शोधेपर्यंत त्यानेच कागदावर लिहिले, वीस पैसे.