वडील कितव्या वर्षी गेले?

चाळिशीच्या आतला, दिसायला धडधाकट माणूस दवाखान्यात येतो आणि मोबाइल पुढे करतो. पडद्यावर पंचवीस-तीस पानांची रंगीत पीडीएफ असते आणि पहिल्याच पानावर लाल अक्षरांत लिहिलेले असते, ‘हृदयविकाराचा जनुकीय धोका: सरासरीपेक्षा अधिक’. कुठल्याशा आरोग्य-पॅकेजमध्ये सवलतीत मिळाले म्हणून त्याने लाळेचा नमुना दिलेला असतो. त्याचा प्रश्न साधा असतो, ‘डॉक्टर, मग आता मी काय करू?’ आपल्यापैकी पुष्कळांना याचे धड उत्तर सुचत नाही. त्यात ओशाळण्यासारखे काही नाही, कारण अहवाल विकणाऱ्यांकडेही ते नसते.

या अहवालामागचे विज्ञान खोटे नाही. 2007 मध्ये नवव्या गुणसूत्रावरच्या 9पी21 या जागेचा करोनरी विकाराशी असलेला संबंध वेगवेगळ्या गटांनी जवळपास एकाच वेळी दाखवला, आणि पुढे अशा अनेक जागा सापडत गेल्या. एकेक जागा धोका किंचितच वाढवते, म्हणून लाखो जागांची बेरीज करून गुण काढायची पद्धत आली. अमित खेरा आणि शेखर कथिरेसन यांच्या बोस्टनमधल्या गटाने 2018 मध्ये दाखवले की, ब्रिटनच्या बायोबँकेतल्या सुमारे 8 टक्के लोकांचा धोका केवळ या बेरजेमुळे तिप्पट होतो. मात्र ही बेरीज मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर बेतलेली आहे. आपल्या माणसांना ती जशीच्या तशी लावली की तिची अचूकता घटते. ‘जिनोम इंडिया’ प्रकल्पातल्या जवळपास दहा हजार भारतीयांची जनुकीय माहिती जानेवारी 2025 मध्ये संशोधकांना खुली झाली, ही मोठीच गोष्ट. पण त्या माहितीला हृदयविकाराच्या दीर्घ पाठपुराव्याची जोड मिळेपर्यंत वर्षे जातील. शिवाय खेरा-कथिरेसन यांनीच 2016 मध्ये दाखवले होते की, जनुकीय धोका सर्वांत जास्त असलेल्या गटातही ज्यांची राहणी चांगली होती त्यांच्यात हृदयविकार जवळपास निम्म्याने कमी होता. थोडक्यात, तंबाखू सोड, चाल, वजन आणि बीपी सांभाळ, हा सल्ला पीडीएफ पाहण्याआधीही तोच होता.

मग जनुकीय संशोधन आपल्या कामाचे नाही का? आहे, आणि पुष्कळ आहे. पण त्याचा उपयोग पॅकेजमध्ये नसून केसपेपरवरच्या त्या रकान्यात आहे, जिथे आपण ‘फॅमिली हिस्टरी: एनएडी’ लिहून मोकळे होतो.

आपण विचारतो, ‘घरात कुणाला बीपी, शुगर?’ उत्तर येते, ‘वडिलांना होती शुगर.’ इथेच आपण थांबतो. वडील आहेत का, गेले असतील तर कितव्या वर्षी आणि कसे, हे विचारत नाही. विचारले तर काय काय निघते! ‘ॲसिडिटी झाली होती, रात्रीतून गेले.’ ‘शेतावरून आले, घाम फुटला, आडवे झाले ते उठलेच नाहीत.’ ‘झोपेतच गेले, भाग्यवान.’ वय विचारले की कळते, सेहेचाळीस. आईच्या बाजूची चौकशी तर जवळपास होतच नाही. दोन मामा पन्नाशीच्या आत गेले, हे रुग्णाला स्वतःशी संबंधित वाटतच नाही, कारण आपल्याकडे घराणे म्हणजे वडिलांचे. गुणसूत्रे मात्र आडनाव बघत नाहीत.

हा रकाना नीट भरला तर सर्वांत आधी हाती लागतो तो कौटुंबिक हायपरकोलेस्टेरोलेमिया. नॉर्वेच्या कार्ल म्युलर यांनी 1938 मध्ये त्याचे वर्णन केले. डॅलसच्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी 1973 मध्ये अशा रुग्णांच्या पेशींवर एलडीएल उचलणारे ग्राहक सदोष असल्याचे दाखवले आणि त्याच कामासाठी 1985 चे नोबेल मिळवले. आई किंवा वडील, कुणा एकाकडून सदोष प्रत आली तरी हा विकार होतो. जगभर सुमारे 250 ते 300 जणांमागे एकाला तो असतो असे मानले जाते. हेच प्रमाण आपल्याकडे धरले तर तीन लाख वस्तीच्या तालुक्यात असे हजार-बाराशे लोक असायला हवेत. तालुक्यातल्या आपण सगळ्यांनी मिळून किती ओळखले? उपचार नसतील तर यांतल्या निम्म्या पुरुषांना पन्नाशीपर्यंत करोनरी विकार गाठतो. आणि उपचार म्हणजे स्टॅटिन, कुठल्याही मेडिकलच्या दुकानात मिळणारी गोळी.

ओळखायला जनुकीय चाचणीवाचून अडत नाही. प्रौढ माणसाचे उपचाराआधीचे एलडीएल 190 च्या वर असेल, थायरॉइड आणि मूत्रपिंडाची भानगड नसेल, आणि घरात पुरुषाला 55 च्या किंवा स्त्रीला 60 च्या आत ॲटॅक आला असेल, तर निदान जवळपास समोर असते. टाचेमागची शीर चिमटीत धरून पाहावी, ती जाड लागते का. पंचेचाळिशीच्या आत बुबुळाभोवती पांढुरके कडे दिसते का, तेही पाहावे.

महाराष्ट्राच्या काही भागांत आणि काही समाजांत मामाच्या मुलीशी लग्नाची रीत अजून आहे, म्हणून याची दुसरी बाजू आपल्याला अधिक जवळची आहे. नवरा-बायको दोघांकडे एकाच सदोष जनुकाची एकेक प्रत असेल, तर प्रत्येक अपत्यामागे चारात एक शक्यता दोन्ही प्रती सदोष येण्याची. अशा मुलाच्या कोपरांवर, गुडघ्यांवर, नितंबांवर लहानपणीच पिवळसर गाठी येतात आणि ते आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे किंवा सर्जनकडे जाते. गाठ काढली जाते, टाके घातले जातात, कोलेस्टेरॉल पाहायचे राहून जाते. ते पाहिले तर बऱ्याचदा 500 च्या वर निघते. या मुलांना विशीच्या आतही ॲटॅक येऊ शकतो. आमच्या त्वचारोग आणि शल्यचिकित्सेतल्या वाचकांनी हा परिच्छेद कृपया दोनदा वाचावा.

नेदरलँड्सने 1994 पासून एका रुग्णावरून त्याची भावंडे, मुले, चुलत-मावस नातलग असा माग काढत हजारो लोक शोधले. आपल्याकडे तसे करायला निघालो की अडचण पैशांची नसते. मुलीचे लग्न ठरायचे असते. ‘तिचं रक्त नको तपासायला, बाहेर कळलं तर?’ हे ज्याने ऐकले नाही असा फॅमिली डॉक्टर विरळा. यावर भाषण देऊन उपयोग होत नाही. सगळ्या घराचे साधे ‘कोलेस्टेरॉल’ एकदम तपासावे, आनुवंशिक हा शब्दही उच्चारू नये, आणि मुलीशी स्वतंत्रपणे बोलावे. पुढे मूल हवे असेल तेव्हा स्टॅटिनबद्दल आधीच विचार करावा लागतो, म्हणून तिला माहीत असणे तर आवश्यकच.

जनुकांनी आपल्याला दिलेली दुसरी देणगी म्हणजे रक्तातल्या कुठल्या आकड्याला आरोपी मानायचे आणि कुठल्याला नुसता साक्षीदार, याचा निवाडा. पीसीएसके9 ची कथा पाहा. 2003 मध्ये फ्रान्समधल्या काही कुटुंबांत हे जनुक अतिक्रियाशील असल्याने कोलेस्टेरॉल वाढल्याचे आढळले. डॅलसच्याच हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांनी उलटा प्रश्न विचारला: ते निष्क्रिय असेल तर? 2006 मध्ये उत्तर आले. अमेरिकेतल्या ज्या कृष्णवर्णीयांत हे जनुक जन्मतः अर्धे बंद होते, त्यांचे एलडीएल 28 टक्क्यांनी कमी होते आणि करोनरी विकार 88 टक्क्यांनी. त्याच सुमारास दोन्ही प्रती निकामी असलेली एक बत्तीस वर्षांची निरोगी स्त्री सापडली. तिचे एलडीएल होते 14! एलडीएल थोडेच कमी, पण जन्मापासून कमी, हे उतारवयात केलेल्या मोठ्या कपातीहून कितीतरी भारी पडते, हा यातला आपल्या कामाचा धडा. पस्तिशीतल्या रुग्णाला ‘अजून वय काय तुमचं’ म्हणून परत पाठवताना तो आठवावा.

एचडीएलची गोष्ट अगदी उलट. ‘चांगले कोलेस्टेरॉल’ म्हणून आपण ते वाढवायच्या मागे लागलो. टॉर्सेट्रॅपिब या औषधाने एचडीएल झकास वाढवले आणि मृत्यूही वाढवले. 2006 मध्ये चाचणी थांबवावी लागली. 2012 मध्ये जनुकीय अभ्यासाने दाखवले की, ज्यांचे एचडीएल एका जनुकामुळे जन्मतः जास्त असते त्यांना त्यामुळे ॲटॅक कमी येत नाहीत. होमोसिस्टीनचेही तेच झाले. किल्मर मॅककली यांनी 1969 मध्ये मांडलेली शंका हुशारीची होती, पण बी जीवनसत्त्वे देऊन होमोसिस्टीन उतरवणाऱ्या मोठ्या चाचण्यांत ॲटॅक कमी झाले नाहीत. तरी पॅकेजमध्ये होमोसिस्टीन अजून ठाण मांडून आहे आणि त्या आकड्यावर गोळ्या लिहिल्या जात आहेत.

जी चाचणी पॅकेजमध्ये हवी ती सहसा नसते: लायपोप्रोटीन(ए). ऑस्लोच्या कोरे बर्ग यांनी 1963 मध्ये ते शोधले. त्याची पातळी बहुतांशी जनुकांनीच ठरते, आहाराने वा व्यायामाने फारशी हलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा तपासले की पुरते. 50 मिलिग्रॅमच्या वर असेल तर धोका वाढलेला समजावा आणि बाकीचे सगळे, म्हणजे एलडीएल, बीपी, शुगर, अधिक कडकपणे आटोक्यात आणावे. ते कमी करणाऱ्या खास औषधांच्या मोठ्या चाचण्या सुरू झाल्या आहेत. तोवर निदान ज्यांच्या घरात तरुण वयात ॲटॅक आले त्यांचे तरी हे एकदा पाहावे.

एक सावधगिरीही. हृदयाच्या स्नायूतल्या एमवायबीपीसी3 या जनुकात 25 अक्षरे गळालेला बदल भारतीय उपखंडातल्या सुमारे 4 टक्के लोकांत असतो, हे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले आणि वर्तमानपत्रांतून बरीच घबराट झाली. हा बदल असलेल्या बहुतेकांना तरुणपणी काहीच होत नसते. अहवालात तो दिसला तर ईसीजी, इको आणि घरातल्या अकाली मृत्यूंची चौकशी करावी. माणसावर ‘हृदयरोगी’ असा शिक्का मारू नये.

आता चयापचयाकडे, कारण आपल्याकडच्या बहुसंख्य रुग्णांत दोष एका जनुकाचा नसतोच. इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला ॲटॅक सरासरी 53 व्या वर्षी आला, इतरांना सुमारे 59 व्या. या सहा वर्षांच्या फरकामागे कुठले गूढ जनुक निघाले नाही. तंबाखू, वाढलेले लिपिड, रक्तदाब, मधुमेह, पोट ही ओळखीचीच मंडळी आपल्याकडे लवकर येतात, एवढाच त्याचा अर्थ. लवकर का, याचा सर्वांत चांगला शोध पुण्यात झाला, हे आपण फारसे अभिमानाने सांगत नाही. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांची आणि त्यांच्या मुलांची नोंद ठेवली. इथली बाळे सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची 3.5 किलोची. पण वजनातली तूट स्नायूंत आणि अवयवांत होती. त्वचेखालची चरबी मात्र पुण्याच्या बाळांनी बऱ्यापैकी राखलेली होती. म्हणजे आपले बाळ बारीक असूनही चरबीत मागे नसते. याज्ञिकांनी पुढे लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्या शेजारी उभे राहून स्वतःचेच छायाचित्र 2004 च्या ‘लॅन्सेट’मध्ये छापले: दोघांचा बीएमआय 22.3, चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. वैद्यकीय साहित्यात इतके बोलके आणि इतके खिलाडू छायाचित्र विरळाच.

याच अभ्यासात दोन-तृतीयांश गरोदर स्त्रियांत बी12 कमी होते. बी12 कमी आणि फोलेट जास्त अशा मातांची मुले सहाव्या वर्षी इन्सुलिनला अधिक दाद न देणारी निघाली. म्हणजे जी गोष्ट आपण ‘आनुवंशिक’ म्हणून सोडून देतो, तिचा काही भाग आईच्या ताटातून आलेला असतो. होमोसिस्टीनसाठी पन्नाशीतल्या पुरुषाला लिहिलेली बी12 ची गोळी त्याच्या सुनेला अधिक उपयोगी पडावी!

यावरून दवाखान्यासाठी निघतात त्या गोष्टी बिनपैशाच्या आहेत. वजनकाट्याशेजारी टेप ठेवा: पुरुषाचे पोट 90 सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचे 80 च्या वर गेले की बीएमआय काही म्हणो, शुगर आणि लिपिड पाहा. ट्रायग्लिसराइड जास्त असलेल्या आपल्या रुग्णांत एलडीएल फसवे नॉर्मल दिसते. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून जो आकडा येतो तो अधिक प्रामाणिक. आणि कार्डिओलॉजिस्ट मित्रांना एक विनंती. ॲटॅक आलेल्या रुग्णाचे लिपिड पहिल्या चोवीस तासांत घ्या, नंतर ते काही आठवडे खोटे कमी दिसते. रुग्ण पुरुष 55 च्या किंवा स्त्री 60 च्या आतली असेल, तर डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या खाली एक ओळ मराठीत लिहा: ‘सख्ख्या भावंडांचे व मुलांचे कोलेस्टेरॉल तपासावे.’ ते कार्ड घेऊन नातेवाईक आमच्याकडे, फॅमिली डॉक्टरकडे, येतातच. पुढचे आम्ही बघू.