समभाव म्हणजे गप्प बसणं नव्हे

2021 च्या ऑक्टोबरात दुबईला विश्वचषकाचा भारत-पाकिस्तान सामना होता. खेळ सुरू होण्याआधी आपल्या खेळाडूंनी एक गुडघा टेकला. वर्णभेदाच्या निषेधाची ती खूण. दुसऱ्या दिवशी स्वाध्याय आटोपल्यावर आमच्या बायकांत तोच विषय. एक वडीलधाऱ्या अक्का म्हणाल्या, "खेळाडूंनी खेळावं की गं. ही नसती उठाठेव कशाला? आपला धर्म समभाव शिकवतो, कुणाची बाजू घ्यायला नाही सांगत." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी आले आणि माझी मलाच चीड आली.

अक्कांचं हे बोलणं नवीन नाही. 1968 साली मेक्सिको सिटीच्या ऑलिंपिकमध्ये 200 मीटर धावण्यात पहिला आलेला टॉमी स्मिथ आणि तिसरा आलेला जॉन कार्लोस, हे दोघे काळे अमेरिकन बूट काढून, नुसत्या काळ्या मोज्यांवर विजयमंचावर उभे राहिले. आपल्या लोकांचं दारिद्र्य दिसावं म्हणून. राष्ट्रगीत लागल्यावर त्यांनी मान खाली घातली आणि काळा हातमोजा घातलेली मूठ वर केली. दगड मारला नाही, शिवी दिली नाही. तरी त्यांना संघातून काढून घरी धाडलं. दुसरा आलेला पीटर नॉर्मन गोरा, ऑस्ट्रेलियाचा. त्यानं मूठ उगारली नाही, पण मानवी हक्कांचा त्यांच्यासारखाच बिल्ला छातीवर लावला. त्याच्या देशाच्या संसदेनं त्याची माफी मागितली ती 2012 मध्ये. तो 2006 सालीच गेला होता. त्याच्या पार्थिवाला खांदा द्यायला स्मिथ आणि कार्लोस ऑस्ट्रेलियाला गेले होते.

2016 साली अमेरिकन फुटबॉलमधला कॉलिन कॅपर्निक राष्ट्रगीताच्या वेळी आधी बसून राहिला. मग एका माजी सैनिकाशी बोलून त्यानं गुडघा टेकायचं ठरवलं. बसण्यापेक्षा त्यात मान राहतो म्हणून. तरी देशद्रोही ठरला. तो हंगाम संपल्यावर एकाही संघानं त्याला घेतलं नाही.

आणि 25 मे 2020 ला मिनिआपोलिसमध्ये एका गोऱ्या पोलिसानं जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या मानेवर नऊ मिनिटांहून जास्त वेळ गुडघा दाबून धरला. तो माणूस मेला. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात मात्र त्याची तब्येत बिघडल्याचं म्हटलं होतं. रस्त्यावर उभी असलेली 17 वर्षांची एक मुलगी फोनवर सगळं टिपत राहिली, म्हणून जगाला खरं कळलं. ती पोरगी "मला काय करायचंय" म्हणून पुढं गेली असती तर?

तेव्हा माझं अक्कांना विचारणं आहे, की समभाव म्हणजे नेमकं काय हो? दाबणारा गुडघा आणि दाबली जाणारी मान यांच्याकडे सारख्याच थंडपणानं बघणं? अनेकान्ताचं नाव तरी घेऊ नका. अनेकान्त सत्याच्या अनेक बाजू बघायला शिकवतो, अन्यायाला एक बाजू म्हणून पाटावर बसवायला नाही. आपल्या रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्राचार्यांनी आठ मद सांगितलेत. त्यात कुळाचा मद आहे, जातीचा आहे, शरीराचाही आहे. गोऱ्या कातडीचा माज यापेक्षा वेगळा काय असतो? आठ मदांची नावं आपल्याला तोंडपाठ आहेत, आणि समोर दिसलं की आपण म्हणतो, हे अमेरिकेतलं, आपल्यात नाही.

आपल्यात नाही? पाळवणकर बाळू हे नाव किती जणींनी ऐकलंय? जन्म आपल्या शेजारच्या धारवाडातला, चर्मकार कुटुंबातला. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. त्यांच्या गोलंदाजीवर पुण्यातले हिंदू सामने जिंकत होते, आणि चहाच्या वेळी त्यांना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात वेगळा चहा देत होते. 1920 साली कर्णधारपदासाठी त्यांचे भाऊ विठ्ठल यांना डावललं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे दोघे भाऊ संघातून बाहेर पडले. मेक्सिको सिटीच्या 48 वर्षं आधी. पुढं 1923 मध्ये विठ्ठल हिंदूंचे कर्णधार झाले. ते भाऊ "आपण बापडे खेळाडू" म्हणून गप्प राहिले असते, तर झाले असते का?

मातीचं ते भांडं लिहिताना माझ्या हाताला कंप सुटतो. कारण माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, आतल्या बाजूला नव्हे तर बाहेरच्या कठड्यावर, कामवाल्या बाईचा स्टीलचा पेला वीस वर्षं उपडा पडून होता. आपण याला आहारशुद्धी म्हणतो. मग मुलाचे मांसाहारी साहेब घरी आले, तेव्हा त्यांना शोकेसमधल्या चांगल्या कपबशीत चहा कसा दिला मी? शुद्धी कुठं गेली होती त्या दिवशी? आपल्या वधू-वर परिचय पुस्तिकेत "वर्ण" असा रकाना असतो. सावळ्या मुलीची आई तिथं "गव्हाळ" लिहिते आणि मनातून खचते. तो रकाना काढा म्हणून आपल्यापैकी कितीजणी समितीपुढं बोलल्या? मी नाही बोलले.

तो पेला मी आत आणला आणि आमच्या पेल्यांत मिसळला. सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला. कॅपर्निकचा खेळ गेला, स्मिथ-कार्लोसना घरी धाडलं. माझं गेलं काय, तर दोन दिवसांचं बोलणं. यात मोठेपणा नाही, उशीर मात्र वीस वर्षांचा आहे.

क्षमावणीला आपण सगळ्या जीवांची क्षमा मागतो. सगळ्या जीवांची मागणं सोपं असतं, त्यात कुणी एक समोर उभं नसतं. या वर्षी खिडकीतल्या पेल्याच्या मालकिणीची मागू या. आणि पुढच्या बैठकीत त्या "वर्ण" रकान्याचा विषय मी काढणार आहे. अक्का, तेव्हा माना डोलवायच्या असतील तर माझ्या बाजूनं डोलवा.