पळी कुणाच्या हातात?
राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन २००५ साली सुरू झालं ते तेव्हाच्या औरंगाबादेतून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरातून. तरीही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. त्याच जिल्ह्यातल्या सोयगावसारख्या कापूसपट्ट्यात कारण शोधायला लांब जावं लागत नाही. वेचणीच्या दिवसांत आई सकाळीच शेतात. सहा महिने उलटलेलं लेकरू आजीजवळ. ‘जड पचायचं नाही’ म्हणून वाटीत वरणाचं नुसतं वरचं पाणी, रडलं की बिस्किटाचा पुडा. पोट भरतं, अंग धरत नाही. द्यायची ती त्याच पातेल्याच्या तळाची घट्ट डाळ, त्यात कुस्करलेली मऊ भाकरी, वर चमचाभर तेल, जमेल तेव्हा अंडं. दिवसातून दोन-तीनदा, नऊ महिन्यांनंतर तीन-चारदा, आणि दोन वर्षांपर्यंत अंगावरचं दूध. डबाबंद पावडरीवर पैसे घालवायचं कारण नाही. पण पळी सासूच्या हातात असताना हे एकट्या सुनेला सांगून काय उपयोग? आजीच्या मायेत खोट नाही. तिला कुणी बसवून सांगितलंच नाही. तेव्हा अंगणवाडीतली सतरंजी सासूसाठी आणि नवऱ्यासाठीही अंथरा. आणि वेचणीच्या हंगामात बैठक भरदुपारी नको, दिवेलागणीनंतर घ्या.