रविवार, रोडगे आणि खंजिरी

‘सप्ताहान्त’ हा शब्द अलीकडे मराठीत चांगलाच रुळला आहे. शनिवारी सायंकाळी कोठे तरी बाहेर जावे, समोर बसलेल्या कलावंतांचे गाणे ऐकावे, ऋतूचे म्हणून जे असेल ते खावे आणि भट्टीतून नुकताच निघालेला पदार्थ हाती घ्यावा, अशी ही कल्पना. तिच्या जाहिराती वाचल्या म्हणजे हा सारा थाट विलायतेहून आला असावा असे वाटू लागते. भट्टी म्हटली की पोदेर आठवणाऱ्या गोमंतकीय वाचकाला तिचे अप्रूप नाही. परंतु समुद्रापासून शेकडो मैल आत असलेल्या लोधीखेड्यातही हा बेत जुनाच आहे, याची आपल्यापैकी फार थोड्यांना कल्पना असेल.

लोधीखेडा हे नागपूर-छिंदवाडा लोहमार्गावरचे, सौसर तहसिलीतले गाव. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात आले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. 2023 साली सौसर व पांढुर्णा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. कागदोपत्री हिंदी आली. चुलीपाशी मात्र मराठीच राहिली आणि मराठीबरोबर रोडगेही राहिले.

रोडगा ही चीज ज्याने खाल्ली नाही त्याला ती समजावून सांगणे कठीण. जाडसर दळलेल्या गव्हाची तेलाचे मोहन घातलेली घट्ट कणीक घ्यायची. एका पारीला तेल लावून ती दुसरीत, दुसरी तिसरीत अशी गुंडाळीत न्यायची आणि शेवटी मोठ्या लाडवासारखा गोळा वळायचा. गोवऱ्या पेटवून त्यांचा लालबुंद विस्तव झाला की हे गोळे त्यात ठेवायचे आणि वरूनही निखारे लोटायचे. येथे घाई उपयोगाची नाही. विस्तव प्रखर असला तर वरचे कवच करपते आणि आतले पापुद्रे कच्चे राहतात. भाजून झाल्यावर राख झटकून रोडगा हाताने फोडायचा, वर तूप ओतायचे. सोबतीला वरण आणि वांग्याची भाजी. हिवाळा असेल तर त्या भाजीत ओल्या तुरीचे दाणे पडतात, जेवणानंतर अंबिया बहराची संत्री असतात आणि पौषात शेतात कोवळ्या ज्वारीचा हुरडा भाजला जातो. पाश्चात्त्यांच्या भट्टीला तापमापक असतो. येथे तळहात विस्तवावर धरून अदमास घेतात. शिवाय रोडग्यांच्या बेतात गोवऱ्या रचण्यापासून भाजण्यापर्यंत पुरुष हौसेने पुढे असतात, ही गोष्ट आमच्या मते त्या पदार्थाच्या चवीइतकीच मोलाची आहे. एरवी आमच्या पुरुषवर्गाचा विस्तवाशी संबंध विडीपुरताच!

आणि संगीत? राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (1909 ते 1968) खंजिरीच्या तालावर भजनाची जी रीत रुजविली ती वऱ्हाड-नागपूरप्रमाणे या पट्ट्यातही परिचित आहे. एक खंजिरी, टाळ, जमलीच तर पेटी, एवढ्या सामग्रीवर मंडळी रात्र जागवितात. ह्या भजनांचा धसका 1942 साली इंग्रज सरकारने घेतला आणि महाराजांना नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवले. ज्या गाण्यात ऐकणाराच पुढच्या ओळीला गाणारा होतो, त्याला तिकीट लावणार तरी कसे?

रविवारच्या सुटीचीही कथा अशीच आपल्याकडची आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी साप्ताहिक सुटीची मागणी लावून धरली आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हाही युक्तिवाद त्यांनी केल्याचे सांगतात. त्याच खंडोबाला चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो आणि जागरणात वाघ्या-मुरळी दिमडी-तुणतुण्यावर उभ्या रात्रभर गातात. सुटी, गाणे आणि भाजलेले अन्न यांची सांगड घालण्यास आम्हाला परक्याकडे जावे लागत नाही.

मात्र चित्र सर्वस्वी सुखाचे नाही. खंजिरीच्या जागी आता भिंतीएवढे ध्वनिक्षेपक आले असून, रात्री दहानंतर त्यांना मनाई करणारे 2000 सालचे नियम बहुतेक ठिकाणी कागदावरच आहेत. ज्वारीचे शिवार आक्रसत गेले आणि हुरडा ‘पार्टी’ होऊन माणशी दराने विकला जाऊ लागला. शहरातून मोटारी भरून येणाऱ्या पाहुण्यांनी दोन पैसे गावात सोडले तर त्यास आमचा विरोध नाही. पण तेथे वाढणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बायांचा तो रविवार कोणाच्या हिशेबात धरायचा? संत्र्याची तोड सुरू झाली की बागेतल्या मजुराची तीच गत. व्यापाऱ्याची गाडी उभी असते आणि वार विचारायला सवड नसते. लोखंड्यांनी मिळविलेली सुटी गिरणीच्या फाटकातून बाहेर पडली, कचेऱ्यांपर्यंत पोहोचली. बागेच्या बांधावर ती अद्याप यायची आहे. बागायतदारांनी तोडीच्या दिवसांत आठवड्यातून एक दिवस पगारी खाडा द्यावा, अशी आमची सूचना आहे. एका दिवसाने संत्रे सडत नाही.