कापड अजून कोरं हाय!

मागच्या महिन्यात मावशीकडे अंबाजोगाईला गेलो होतो. पुण्याहून रात्रभर एसटीत अंग आंबवून सकाळी पोहोचलो, तर मावसभाऊ अंगणात दाढी करत बसलेला. फौजेत आहे, सुट्टीवर आला होता. नाव सांगत नाही, कारण साहेब कविता करतात आणि युनिटमध्ये कुणाला पत्ता नाही!

रात्री गच्चीवर त्यानं वही काढली. एका कवितेत लढाईत गेलेला जवान पुन्हा जन्म घेतो, पुन्हा वर्दी चढवतो. मी म्हटलं, "अरे, हे तर पॅटननं लिहिलंय."

"रणगाडा?"

रणगाडा नव्हे हो, जनरल! पाकिस्ताननं १९६५ साली असल उत्तरला जे पॅटन रणगाडे गमावले, त्यांना ज्याचं नाव होतं तो अमेरिकेचा जॉर्ज पॅटन. 'थ्रू अ ग्लास, डार्कली' ही त्याची १९२२ ची कविता. गडी श्रद्धाळू ख्रिश्चन, पण युगानुयुगं आपण वेगवेगळ्या सैन्यांतून लढत आलोय यावर त्याचा ठाम विश्वास. कवितेतला शिपाई मॅमथसाठी लढतो, कदाचित क्रुसावरच्या येशूलाही भाला मारतो आणि शेवटी म्हणतो, पुढेही लढण्यासाठीच जन्मेन, पुन्हा मरेन.

"दादा, यात नवल कसलं? गीता तर आपल्या घरातली," भाऊ हसला.

पॉइंट होता. गीता म्हणजे रणांगणात अडलेल्या योद्ध्याशी केलेला संवाद. त्याच गीतेवर याच गावच्या दासोपंतांनी 'गीतार्णव' लिहिला. परंपरेनं सव्वा लाख ओव्यांचा! त्यांची पासोडी तर कापडावरच लिहिलेली, सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद. आणि गीतेत देहाला उपमा कशाची? जुनं झालं की टाकून द्यायच्या कापडाची. मग मरणाचं एवढं काय घेऊन बसायचं?

मावशी दुधाचे पेले घेऊन आली होती. सगळं ऐकत होती.

"तुमचा तो जनरल मेला कसा रं?"

"लढाईत नाही, मावशी. युद्ध संपल्यावर, डिसेंबर १९४५ मध्ये. जर्मनीत मोटारीच्या अपघातात जखमी झाला, त्यातच गेला."

ती जरा थांबली. "आत्मा मरत नसंल, बाबा. पण कापड जुनं झाल्यावर बदलायचं ना? ह्याचं तर अजून कोरं हाय."

कुणीच काही बोललं नाही. इतकी वर्षं तो श्लोक मी लग्नाच्या हॉलपासून स्मशानापर्यंत ऐकलाय, पण त्यातला 'जुनं' हा शब्द मला त्या रात्री पहिल्यांदा दिसला.

सकाळी निघताना विचारलं, "ती कविता देतोस का?"

"थांब की. शेवट बदलतोय."

तुमच्याही ओळखीत कुणी फौजी असेल. पगार आणि पोस्टिंग विचारून झालं, की एकदा वहीचंही विचारा.